चौदा वर्षांची रेघ पुसू देऊ नका

एप्रिल 2023मध्ये बिहार सरकारने तुरुंग नियमावलीतल्या शिक्षामाफीच्या अपवादांमधून 'कर्तव्यावरील सरकारी सेवकाची हत्या' एवढेच शब्द काढून टाकले. त्याच महिन्यात माजी खासदार आनंद मोहन तुरुंगाबाहेर आला. 1994मध्ये जमावाने ठार केलेले गोपालगंजचे जिल्हाधिकारी जी. कृष्णैया यांच्या खुनात तो जन्मठेप भोगत होता. विधानसभेत विधेयक नाही, चर्चा नाही; एका अधिसूचनेवर काम झालं.

म्हणून 1978मध्ये संसदेने आखलेली रेघ जपायला हवी. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 433-अ, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 475. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याने प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढलीच पाहिजेत. माफीचे दिवस त्यात धरायचे नाहीत. 'मारू राम' खटल्यात 1980मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं.

पण चौदा वर्षं झाली की सुटका, असा हक्क त्यातून मिळत नाही. बिल्किस बानो अत्याचार आणि खून प्रकरणात जन्मठेप झालेल्या अकरा जणांची चौदा वर्षं भरली होती. खटला मुंबईत चालला, तिथल्या विशेष न्यायाधीशांनी सुटकेला विरोध कळवला, तरी गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 रोजी त्यांना सोडलं. जिच्यावर अत्याचार झाला, जिची लहानगी लेक मारली गेली, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली: शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा निर्णयाचा अधिकारही महाराष्ट्राचाच. अकराही जण पुन्हा गोध्र्याच्या तुरुंगात गेले.

कैदी सुधारू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत असलेल्या महाराष्ट्राला ते शिकवायलाही नको. सुधारलेल्याला सवलत जरूर द्या. पण ती ठरलेल्या नियमाने द्या, माणूस पाहून नियम बदलू नका.

महाराष्ट्रात झालेल्या शिक्षेची माफी महाराष्ट्राच्याच हातात आहे, तेव्हा आपल्या आमदाराला पत्र लिहा. शिक्षामाफीच्या नियमांत बदल करायचा असेल तर मसुदा आधी प्रसिद्ध करा, हरकती मागवा, विधिमंडळात चर्चा करा, असं ठणकावून सांगा. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत डावललं तर कारणं लेखी द्यावीत आणि सुटकेच्या आधी पीडित कुटुंबाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं, हीही मागणी करा. वकील संघांनी, महिला संघटनांनी, ग्रामसभांनी तसे ठराव करावेत आणि ते थेट गृह विभागाकडे पाठवावेत. पुढची अधिसूचना निघेपर्यंत थांबू नका.