साथ सरली, हिशेब राहिला



पुन्हा साथ आली तर काय, हा प्रश्न हल्ली बैठकीत कुणी ना कुणी विचारतोच. विचारणाऱ्याला रोगाची भीती थोडी असते, बाजार बंद होण्याची जास्त. आम्ही पलूस भागातले. कोरडवाहू भावांना वाटते, कृष्णाकाठच्या बागायतदाराला कसली चिंता! म्हणून आमच्याकडे काय घडले ते आधी सांगतो. मग तुमच्या कापसाकडे आणि ज्वारीकडे येऊ.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. २४ तारखेच्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. पलूस-तासगाव पट्ट्यात तेव्हा द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. माल वेलीवर, पेट्या शेडमध्ये, आणि व्यापारी एका रात्रीत गायब. काल सौदा ठरवून गेलेला माणूस आज फोन उचलेना. वाहन मिळेना, मजूर येईना, परराज्यातल्या बाजारपेठा बंद. द्राक्ष काही थांबत नाही. ज्याला जमले त्याने बेदाणा करायला घेतला. चार किलो द्राक्षे सुकवली की किलोभर बेदाणा होतो. त्यासाठी औषध, शेडचे भाडे, मजुरी आणि वर शीतगृहाचे भाडे असा सगळा खर्च आलाच. बेदाण्याचे सौदेही बंद, म्हणजे पैसा पुन्हा अडकलेला. औषध दुकानदाराची उधारी आणि सोसायटीचे कर्ज मात्र दर दिवसाला वाढत होते.

हीच द्राक्षे आठ महिन्यांपूर्वीच्या महापुराच्या तडाख्यातून गेलेल्या गावांची. ऑगस्ट २०१९ मध्ये याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्या पुराचा चिखल घरातून निघतोय तोच टाळेबंदी आली आणि जुलै २०२१ ला पाणी पुन्हा घरात शिरले. बागायतदार श्रीमंत असतो हे खरे, पण त्याचे कर्जही तितकेच श्रीमंत असते.

साथीच्या त्या दिवसांत भीती दोन प्रकारची होती. शहरातला माणूस विचारी, उद्या दूध-भाजी मिळेल का? आम्ही विचारत होतो, आजचे दूध, आजची भाजी जाईल का? माल एकच होता. शहराची भीती दूरदर्शनवर दिसली, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. आमची भीती उकिरड्यावर गेली. टाळेबंदीच्या आधीच, फेब्रुवारीत, कोंबडी खाल्ल्याने रोग होतो अशी एक आवई उठली आणि कोंबडीचा भाव असा कोसळला की पक्षी फुकट वाटायची, कुठे जिवंत पुरायची पाळी आली. कोंबडी गेली म्हणून खाद्य गेले, खाद्य गेले म्हणून मका गेला. मक्याचा हमीभाव त्या हंगामात १,७६० रुपये होता. बाजारात त्याच्या आसपासही कुणी बोलेना. अफवा उठवणाऱ्याचे काय गेले? काही नाही. अफवेचा खर्च शेवटी माळावर मका पिकवणाऱ्याने भरला.

आता कापूस. २०१९-२० ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. मार्चअखेर विदर्भ-मराठवाड्यात किती घरांत कापूस पडून होता ते तुम्ही आम्हाला सांगायला हवे. खरेदी केंद्रे बंद पडली, ती एप्रिलच्या उत्तरार्धात हळूहळू सुरू झाली. मग नोंदणी, मग दिवसाला मोजक्याच गाड्या, मग आपला नंबर. मृग तोंडावर आला तरी कापूस घरात, पोरांच्या अंगाला खाज आणि उशाला आगीची धास्ती. ज्याला बियाण्यासाठी पैसा हवा होता त्याने खासगी व्यापाऱ्याला पडेल त्या भावात घातला. हे झाले मंदीचे. तेजीचेही ऐका. साथीनंतर जगभर कापूस महागला. २०२१-२२ च्या हंगामात आपल्याकडे भाव दहा हजारांच्या वर गेला. लगेच एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. भाव पडला तेव्हा आपल्याला नंबर लावून बसायला सांगितले होते, वाढला तेव्हा मात्र नंबर न लावता निर्णय झाला.

कांद्याचेही तेच. ५ जून २०२० ला वटहुकूम काढून धान्य, डाळी, कांदा यांना आवश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून मोकळे केल्याचे सांगितले. आमच्यातल्या काहींनी पेढे वाटायचेच काय ते ठेवले होते. १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली. शंभर दिवसांचे स्वातंत्र्य.

आणि याच काळात देशाचा हिशेब काय सांगतो? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे एकूण उत्पादन जवळपास २४ टक्क्यांनी घसरले. कारखाने बंद, बांधकामे बंद, दुकाने बंद. वाढली फक्त शेती, ३.४ टक्क्यांनी. मोठमोठ्या विद्वानांनी तेव्हा शेतीने देश तारला असे लिहिले. तारला हे खरेच, पण पिकले किती याचा तो आकडा आहे. त्या पिकाचे पैसे घरात किती आले, हे त्या आकड्यात दिसत नाही. जास्त पिकवून कमी मिळवणे हा आपला जुनाच धंदा. साथीने फक्त त्याला टक्केवारी लावून दिली.

ज्वारीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एप्रिल २०२० पासून माणशी महिना ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. उपाशी माणसाच्या ताटात धान्य पडले, त्याला आमचा विरोध नाही. त्या दिवसांत ते पडले नसते तर माणसे मेली असती. पण ते धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ. जिथे पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली जाते तिथेही गहू आणि तांदूळच. ज्वारी आपली घरच्या कणगीत. पुढे २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, अंदाजपत्रकात तिचे नाव ‘श्री अन्न’ झाले. बारसे थाटात झाले, पाळणा रिकामाच राहिला. कणगीतली ज्वारी त्या दिवसांत नासली नाही, द्राक्षासारखी रडवली नाही, एवढे मात्र आम्हा बागायतदारांच्या नजरेतून सुटलेले नाही.

इतके दिवस बाजाराला आणि सरकारला बोललो. थोडे आपल्यालाही बोलले पाहिजे.

चळवळीने गावबंदी हा शब्द पुढाऱ्यांसाठी वापरला होता. २०२० ला आपण तो आपल्याच लेकरांसाठी वापरला. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. खानापूर, आटपाडी, विटा, तासगाव भागातली हजारो माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या कामावर देशभर पसरलेली आहेत. दुष्काळाने ती गाव सोडून गेली आणि त्यांच्याच पैशावर इथली घरे उभी राहिली, विहिरी खोदल्या गेल्या. पेढ्या बंद पडल्या तेव्हा ती परत आली. मुंबई-पुण्याहूनही माणसे आली. ज्यांच्या मनिऑर्डरीवर देवळाचा कळस चढला, त्यांना शाळेच्या खोलीत बसवून आपण लांबून भाकरी सरकवली. अलग ठेवणे गरजेचे होते, ते आम्ही नाकारत नाही. पण नजरा? त्या कुठल्या आदेशात लिहिल्या होत्या? त्यातल्या कित्येकांना ते अजून विसरता आलेले नाही.

आजे-पणजे यापेक्षा वाईट दिवस पाहून गेले. प्लेगात गावे ओस पडत, माणसे रानात झोपड्या घालून राहत. त्या प्लेगासाठी १८९७ ला इंग्रजांनी केलेला साथरोग कायदाच राज्याने १३ मार्च २०२० ला लागू केला. सव्वाशे वर्षांत नवा करायला सवड झाली नाही म्हणायची! १९१८ ला मानमोडी आली. देशात सव्वा कोटीच्या वर माणूस गेला. त्याच वर्षी पाऊसही फसला. काढणी-पेरणीच्या दिवसांत घरातली धडधाकट माणसे आडवी आणि धान्य महाग. साथ आणि दुष्काळ हातात हात घालून आले.

२०२१ च्या उन्हाळ्यातल्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावांतून तरणी माणसे गेली. दवाखान्याच्या बिलासाठी कुणी म्हैस विकली, कुणी रान गहाण टाकले. घरधनी गेला, सातबारा त्याच्या नावावर, सोसायटीचे कर्ज त्याच्या नावावर, ठिबकची उधारीही त्याचीच. सरकारकडून ५० हजारांचे सानुग्रह अनुदान मिळाले, तेही सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यावर. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयाच्या चकरा मारणाऱ्या बायकांकडे जाऊन आमच्यातल्या किती कार्यकर्त्यांनी विचारले, की वहिनी, कागद कुठे अडलाय? हात वर करायला आम्हालाच लाज वाटते. शाळा बंद असताना ज्या मुलींची लग्ने उरकली गेली त्यांच्याबद्दलही आपण गप्प राहिलो. पन्नास माणसांत लग्न होते हे त्या निमित्ताने कळले, कर्ज वाचले म्हणून सगळे खूशही झाले. निर्बंध उठताच पुन्हा हजाराच्या पंगती. हा धडा आपण सरकारपेक्षाही लवकर विसरलो.

पुढल्या साथीत माणसे अडवायची तर अडवा, पण मालाची वाट मोकळी ठेवा, खरेदी केंद्र बंद ठेवाल तितक्या दिवसांचे कर्जावरचे व्याज सरकारने भरावे, आणि रेशनमध्ये जिथे भाकरी खातात तिथे ज्वारी घ्यावी, असा ठराव आमच्या तालुक्याने मांडायचे ठरवले आहे. ठराव नुसत्या तोंडी बोलण्यावर टिकत नाही. तेव्हा २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन हंगामांच्या अडत्याच्या पट्ट्या, खरेदी केंद्राच्या नोंदणीच्या चिठ्ठ्या, शीतगृहाच्या पावत्या ज्यांनी जपून ठेवल्या असतील त्यांनी बैठकीला घेऊन याव्यात. नसतील तर भाव आणि तारीख आठवेल तशी कागदावर लिहून आणा. ज्यांच्या घरी कर्ता गेला त्या बहिणींनी कर्जाचा दाखला आणावा. त्यांचे कागद आधी पाहिले जातील.