कोल्हापुरात कुठं जेवायचं?

पुण्या-बंगळूरचे मित्र वीकेंडला कोल्हापूरला निघाले की हमखास मेसेज येतो : ‘अस्सल कोल्हापुरी कुठं खायचं? लिस्ट पाठव.’ मी पाठवत नाही. त्यांना हवी असलेली लिस्ट त्यांच्या फोनमध्ये आधीच आहे : रेटिंग साडेचार, दारात रांग, अनलिमिटेड तांबडा-पांढरा आणि घाम पुसत ‘नाद खुळा’ म्हणणारा रीलवाला.

‘कोल्हापुरी म्हणजे जाळ’ हे बाहेरच्या मेनूकार्डांनी पसरवलेलं थोतांड आहे. व्हेज कोल्हापुरी नावाची लालभडक भाजी इथल्या कुठल्या घरात शिजते, दाखवा. इटलीतल्या बोलोन्याचंही हेच दुखणं. जगभर त्या शहराच्या नावानं स्पॅगेटी विकतात, पण तिथले लोक खिम्याचा रागू खातात तो ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पास्त्यासोबत. शेवटी १९८२ साली इटालियन पाककला अकादमीनं रागूची कृती तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली.

आमची कृती कुठं नोंदलेली नाही. ती उन्हाळ्यात कांडपाला जाते. कांदा-लसूण मसाल्याला आम्ही नुसतं ‘चटणी’ म्हणतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. शिवाय कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे. प्रमाण घराघराचं वेगळं. आणि मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध घालून होणारा पांढरा रस्सा तर सौम्यच असतो.

ही चव टिकलीय ती खानावळीत. चार टेबलं, मेनूकार्ड नाही, महिन्याचे मेंबर म्हणून जेवणारी कॉलेजची पोरं आणि कामगार. मटण संपलं की संपलं. अशा कितीतरी खानावळी एखादी मावशी चालवते आणि नकाशावर तिचा ठिपकाही नसतो.

‘रांग आहे म्हणजे चांगलंच असणार ना?’ असेलही. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, ही रांग कशी लागते ते मला ठाऊक आहे. जे वर दिसतं तिथं लोक जातात, जाणारे रिव्ह्यू लिहितात, रिव्ह्यूंमुळं ते आणखी वर दिसतं. या चक्रात मावशीच्या भाकरीचा नंबर लागतच नाही.

कुठं खायचं हा प्रश्न या शहरानं याआधी फार मोठ्या पातळीवर सोडवलाय. शाहू महाराजांच्या पाठबळावर गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण जाणार? महाराज स्वतः तिथं चहा प्यायले आणि सोबतच्यांनाही पाजला. चहा काय, राजवाड्यातही मिळत होता. आपल्याकडून तेवढ्या धाडसाची कुणाची अपेक्षा नाही. पण आपण जिथं बसतो तिथला धंदा चालतो, एवढं तर त्यातून कळतं.

तेव्हा इथं उतरलात की फोन खिशात ठेवा. रिक्षावाल्या मामांना विचारा, ‘तुम्ही रोज कुठं जेवता?’ ‘बेस्ट कुठं मिळतं’ असं विचारलंत तर तेही तुम्हाला रांगेतच नेऊन सोडतील. जेवण आवडलं आणि रील टाकावीशी वाटली, तर आधी मावशींना विचारा : उद्या दोनशे माणसं आली तर झेपतील का?