बैल परगावी, दवाखाना गावी

श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी मराठवाड्यातील शेतकरी बैलाचा खांदा हळद-लोण्याने मळतो आणि दुसऱ्या दिवशी पोळ्याला त्याची पूजा करतो. या खांदेमळणीत श्रद्धा आहे, तसा व्यवहारही आहे. वर्षभर जुवाखाली राबणारा खांदा निदान एकदा तरी नीट पाहिला जावा, एवढे शहाणपण आमच्या पूर्वजांना होते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या परिसरात, त्यास आणखी एक अर्थ आहे. पोळ्यानंतर दीड-दोन महिन्यांत तेथील कितीतरी बैल ऊसतोडीच्या गाड्यांना जुंपले जाऊन परजिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हे पाच-सहा महिने सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्थेच्या हिशेबात बसत नाहीत, हे आमचे आजचे गाऱ्हाणे आहे.

गावच्या जनावरांच्या दवाखान्याचे वर्ष ऋतूंवर चालते. मृगापूर्वी घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस टोचावयाची, शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषाराची. पावसाळ्यात गोचीड आणि चावऱ्या माश्या यांच्याशी सामना, चिखलाने चिघळलेल्या खुरांची मलमपट्टी. पावसाने मध्येच ओढ दिली की खुरटलेली कोवळी ज्वारी विषासमान होते. ती खाल्लेले जनावर घटकाभरात आडवे पडते. दुष्काळाच्या साली तर सारे गोठे छावणीत उभे राहतात; २०१९ साली बीड जिल्ह्यात अशा शेकडो चारा छावण्या होत्या. ही सारी कामे गावात बसून होण्याजोगी आहेत आणि अपुऱ्या साधनांनिशी ती होतही असतात.

अडचण येते ती बैल गावाबाहेर पडल्यावर. ऊसतोडीच्या हंगामात बैलाचे खाणे म्हणजे मुख्यतः उसाचे वाढे. वाढ्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर पोसू नये, चुन्याची निवळी द्यावी, असे पशुवैद्य सांगतात. पण सांगावयास तेथे असते कोण? भरल्या गाडीच्या ओढीने खांदेसूज येते आणि सुजलेल्या खांद्यावरच दुसऱ्या पहाटे पुन्हा जू चढते. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावयाची असते. गाव सोडण्यापूर्वी ती टोचली, तर पुढील मात्रेची वेळ बैल कारखान्यावर असताना किंवा परतीच्या वाटेवर येते. ज्या गावच्या नोंदवहीत त्याचे नाव आहे तेथे बैल नाही, आणि जेथे बैल आहे तेथील नोंदवहीत त्याचे नाव नाही!

या बैलावर सबंध कुटुंबाचा हंगाम उभा असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल गाडी-बैलाच्या भरवशावर मिळालेली असते. बैल मेला म्हणून उचल मरत नाही. ती पुढल्या हंगामाच्या डोक्यावर बसते. २०२२ साली लम्पी चर्मरोग गळिताच्या तोंडावरच राज्यात पसरला, तेव्हा गुरांचे बाजार बंद करावे लागले आणि दगावलेल्या बैलामागे २५ हजार रुपयांचे सरकारी साहाय्य देण्यात आले. ते योग्यच होते; परंतु तेवढ्यात कामाचा बैल दावणीला येत नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल.

यावर असे म्हटले जाते की, आता जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, फिरती पथके आहेत. या सुधारणांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु कानातील बिल्ला कोणी वाचला तरच त्याचा उपयोग. कारखान्याच्या दारी गाडीतील उसाचे वजन काट्यावर किलोपर्यंत होते. गाडी ओढणाऱ्याचा बिल्ला मात्र कोणी पाहत नाही. 'बैल टोळीवाल्याचे, आमचे नव्हेत,' हे कारखान्यांचे उत्तर कायद्याला पुरेल, न्यायाला पुरणार नाही.

बुळकांडीचा इतिहास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेतील भटक्या कळपांत तो शेवटपर्यंत चिवटपणे टिकून होता. उन्हात टिकणारी लस निघाली, गुराख्यांतूनच लस टोचणारे तयार झाले आणि ते कळपांबरोबर चालू लागले, तेव्हा तो हटला. जनावर फिरते असेल तर औषधानेही फिरले पाहिजे, हा त्यातील धडा आहे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. पोळा ते दसरा या काळात स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक बैलाची तपासणी व लसीकरण व्हावे. लस अंगी लागण्यास त्यामुळे अवधीही मिळेल. प्रत्येक कारखान्याने गळीत चालू असेपर्यंत तळावर पशुवैद्य, औषधे आणि स्वच्छ पाणी यांची तजवीज करावी आणि बिल्ल्याच्या क्रमांकावर उपचारांची नोंद ठेवावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने हे आपलेच काम मानावे. ट्रॅक्टरने बैलाची जागा बरीच घेतली आहे, हे खरे. पण उरलेले बैल म्हणजे उरलेली जबाबदारीच होय.

शहरातील आमच्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. पावसाळ्यात घरच्या कुत्र्याला गोचीड दिसली की ते त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठतात. त्यात वावगे काहीच नाही. त्यांच्या चहातील साखर ज्या खांद्यावरून आली, त्या खांद्यालाही वैद्य मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या महाराष्ट्राला हे मागणे जड जाऊ नये.