चावेपर्यंत घरचे, चावल्यावर गावचे

मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारच्या चौकात भल्या पहाटे उभे राहिले, तर गाव दोन प्रकारांनी रस्त्यावर उतरलेले दिसते. काही जण कामासाठी चालतात : निंदणीला निघालेल्या बाया, दुधाच्या कॅना सांभाळणारी पोरे, पहिली एस.टी. गाठू पाहणारे विद्यार्थी. काही जण प्रकृतीसाठी चालतात : पेन्शनर, व्यापारी, शिक्षक आणि प्रस्तुत लेखकासारखे निवृत्त प्राध्यापक. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि त्यावर चढण्या-उतरण्याची एक जागा या गावाजवळ आली. शहराच्या सवयी गावात पोहोचण्यास आता फारसा वेळ लागत नाही. त्यांतलीच एक सवय म्हणजे सकाळच्या फेरीला सोबत जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर नेणे. कुत्रे पुढे धावत असते आणि त्याची साखळी मालकाने आपल्याच खांद्यावर टाकलेली असते. समोरून डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेतलेली बाई येते. कुत्रे तिच्या अंगावर झेपावते, ती किंचाळते, मालक दुरूनच हसून सांगतो, "काही करत नाही तो!" बाई डांबरी रस्ता सोडून बाजूच्या चिखलात उतरते आणि पुढे जाते.

एवढ्याशा गोष्टीवर या पृष्ठावर लिहावे काय, असे काही वाचकांना वाटेल. कापसाचा व सोयाबीनचा भाव, कर्ज, बेकारी असे प्रश्न उभे असताना कुत्र्यांची काय कथा, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, रस्ता सोडून चिखलात कोणी उतरायचे, हा प्रश्न या देशात कधीच क्षुल्लक नव्हता. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही नावानिशी उल्लेख आहे, तो उगाच नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या कडेने चालावे लागले, त्यांच्यासाठी तो शब्द तेथे आला आहे. कोणी मज्जाव करीत नाही एवढ्याने रस्ता सार्वजनिक होत नाही. ज्याला त्यावरून निर्धास्तपणे चालता येते, त्याचाच तो खऱ्या अर्थाने होतो.

२०२५ साली कुत्र्यांच्या प्रश्नावर देशभर मोठा गदारोळ झाला. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री त्यांच्या जागी परत सोडावीत, मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या ठिकाणांहून कुत्री हलविण्याचा आदेश झाला. या काळात एका बाजूला प्राणिमित्र आणि दुसऱ्या बाजूला त्रस्त नागरिक असे तट पडले. या सर्व वादात एक माणूस मात्र अलगद निसटला. तो म्हणजे कुत्र्याचा मालक. भटके कुत्रे काही आकाशातून पडत नाही. त्यांतील अनेक कुत्री कोणीतरी हौसेने आणलेल्या, कंटाळून सोडून दिलेल्या किंवा मोकळी ठेवून व्यायला दिलेल्या कुत्र्यांची संतती असतात. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न पुष्कळ अंशी बेजबाबदार मालकीचाच प्रश्न आहे.

आमच्या खेड्यांत ही मालकी मोठी सोयीची असते. कुत्रे अमक्याच्या ओसरीवर निजते, त्याच्या घरची भाकर खाते, रात्री त्याच्या दारावर राखण करते. चोर आला आणि ते भुंकले, तर "आमच्या वाघ्याने घर वाचवले" असे मालक अभिमानाने सांगतो. त्याच वाघ्याने शाळेला जाणाऱ्या पोराची पोटरी फोडली की मालकाची भाषा बदलते : "आमचे कुठले, येते भाकरीच्या आशेने." चावेपर्यंत कुत्रे घरचे असते, चावल्यावर ते गावचे होते. लाभ खासगी आणि तोटा सार्वजनिक, हे सूत्र बड्या भांडवलाच्या बाबतीत आपण अनेकदा उघडे पाडले आहे. ते आपल्या ओसरीवर निजलेले असते, तेव्हा मात्र आपल्याला दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही. एकाच्या कृतीचा खर्च व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसावर पडत असेल, तर तो खर्च कर्त्याकडूनच वसूल केला पाहिजे, हा विचार पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात सविस्तर मांडला. १९६० साली रोनाल्ड कोस यांनी त्यावर आक्षेप घेताना जे उदाहरण घेतले, ते आपल्या शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे : शेजाऱ्याची गुरे पिकात शिरून नुकसान करतात, तेव्हा भरपाई कोणी द्यावी? कोस यांचे म्हणणे असे की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च पडत नसेल, तर दोघे शेजारी आपापसांत तडजोड करतील. पण बंगल्यातील मालक आणि निंदणीला जाणारी मजूर बाई हे बरोबरीने बोलणी करणारे शेजारी नव्हेत. जिला त्याच्याच शेतात उद्या काम मागायचे आहे, ती त्याच्या कुत्र्याविषयी काय तडजोड करणार? जेथे बळ समान नाही, तेथे नियम हवा.

आणि असा नियम आमच्या खेड्यांना परका नाही. १८७१ साली गुरांच्या आगळिकीविषयीचा कायदा झाला, तेव्हापासून कोंडवाडा ही संस्था गावोगाव माहीत आहे. वऱ्हाडात कोठे कोठे तिला कांजीहाऊस म्हणतात. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरावे, कोंडवाड्यात घालावे आणि मालकाने दंड व खुराकीचा खर्च भरून सोडवून न्यावे, अशी ही रीत. एकुलती एक गाय असलेल्या गरीब विधवेनेही हा दंड भरलेला आहे. "गायच ती, तिला काय कळते?" ही सबब तेथे कधी ऐकून घेतली गेली नाही, जनावराला कळत नाही म्हणूनच माणसाने त्याला सांभाळायचे असते, हे गावाला ठाऊक होते. परक्याच्या तुरीत तोंड घालणाऱ्या गाईचा मालक जबाबदार, आणि परक्याच्या लेकराला चावणाऱ्या कुत्र्याचा मालक मात्र मोकळा, हा न्याय कोणता? पिकाची किंमत माणसाच्या पोटरीहून अधिक आहे काय?

त्या पोटरीची किंमत काय होते, हे एकदा मांडून पाहावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतो. पाश्चरने जुलै १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, त्याला आता १४० वर्षे उलटली. म्हणजे हे मृत्यू विज्ञानाच्या अपुरेपणाचे नाहीत. चावा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ दवाखाना गाठावा, एवढे केले तरी बहुतेक जीव वाचतात. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते हे खरे. पण चार किंवा पाच वेळा तेथे जावे लागते. खोल जखम असेल, तर जखमेभोवती वेगळे औषधही टोचावे लागते आणि त्यासाठी पुष्कळदा मोठ्या गावचा रस्ता धरावा लागतो. दरवेळी मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, आणि लेकराला चावले असेल तर आईचाही रोज जातो. ज्याच्या कुत्र्याने हे केले, त्याच्या खिशाला मात्र यातील एका पैशाचीही तोशीस लागत नाही.

कायदा नाही असे नाही. ताब्यातील प्राण्याविषयी हयगय करून माणसाच्या जिवाला धोका किंवा इजा होऊ देणे हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. क्रूर कुत्रे मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळे सोडण्यास १९५१ च्या पोलीस अधिनियमानेही मनाई केली आहे. पण हा कायदा कोणाच्या हाकेला धावतो? मुंबईत २०१० साली एका वृद्ध गृहस्थास रॉटवायलर जातीचे कुत्रे चावले. मालकास तीन महिन्यांची कैद झाली ती २०२३ साली. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली मालकाने उद्वाहनात बळेच ओढून आणलेले हस्की कुत्रे आत असलेल्या रहिवाशास चावले. मालकास चार महिन्यांची शिक्षा झाली मे २०२५ मध्ये. वकील परवडणाऱ्यांना जेथे तेरा आणि सात वर्षे लागली, तेथे रोजंदारीवर जगणाऱ्याने काय करावे? जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात घरपोच जेवण पोहोचवणारा तेवीस वर्षांचा तरुण गिऱ्हाइकाचे कुत्रे अंगावर आले म्हणून पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि मरण पावला. टपालवाला, वीजमीटर पाहणारा, आशा सेविका, घरकाम करणारी बाई या सर्वांना दुसऱ्याच्या दारी जाणे टाळता येत नाही. त्या दारांवर पाटी असते : "कुत्र्यापासून सावध राहा." म्हणजे सावध राहायचे ते येणाऱ्याने, पाळणाऱ्याने नव्हे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचे, याविषयी पाटी गप्प आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कुत्रे बांधून ठेवणे क्रूरपणाचे आहे. आम्हीही तेच म्हणतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, सतत साखळीला जखडलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे हाही मालकाचा गुन्हा आहे. दिवसभर खुंट्याला बांधलेले कुत्रेच चिडखोर होते. दोरी धरून त्याला हिंडविणे हे त्याचेही सुख आहे आणि दुसऱ्याचेही. मात्र याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, यावरून आपल्या कायद्याला मुक्या जनावराची किती चाड आहे, तेही कळते.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मेंढपाळाचे, शेतकऱ्याचे, झोपडीवाल्याचे कुत्रे हौसेचे नसते. ते त्याच्या कष्टाचे सोबती असते. नियम केला की तो प्रथम त्याच्याच मानेवर बसेल आणि बंगलेवाला सुटेल, ही भीती खोटी नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगा झाला, त्याचे मूळ असेच होते : भटकी कुत्री मारणाऱ्यास बक्षीस मिळे, आणि त्या लोभाने घरची कुत्रीही मारली जाऊ लागल्याने पारशी रहिवासी खवळले. मालकीची खूण नसेल, तर अंमलबजावणी आंधळी होते, हा त्यातील धडा. म्हणून आरंभ दंडापासून न करता नोंदणीपासून केला पाहिजे. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कुत्र्यांवरील कराची तरतूद आहे; गावाने कराच्या मागे न लागता नोंद तरी ठेवावी.

आमची सूचना साधी आहे. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी हा विषय मांडावा. जो कुत्र्याला नित्य खाऊ घालतो आणि ज्याच्या दारी ते निजते, तो मालक, ही व्याख्या गावाने मान्य करावी. प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, गळ्यात पट्टा व बिल्ला असावा. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने दरवर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, लसीकरणाचे शिबिर भरवावे. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असे तज्ज्ञ सांगतात. गोव्याने सातत्याने हे काम केले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मेंढपाळ आणि अल्पभूधारक यांना नोंदणी व लस विनामूल्य असावी. वस्तीत आणि रस्त्यावर कुत्रे नेताना दोरी हातात असावी, चावरे असेल तर तोंडाला मुसके असावे, आणि त्याने केलेली घाण मालकाने उचलावी. कुत्रे चावलेच, तर दवाखान्याचा खर्च, गाडीभाडे आणि बुडालेले रोज मालकाने आठ दिवसांत भरून द्यावेत, असा ठराव व्हावा. अशा ठरावास न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नसेल. पण चार लोकांसमोर मान्य केलेली जबाबदारी खेड्यात सहजासहजी टाळता येत नाही.

आणि याचा आरंभ आपल्यापासून व्हावा. आपल्यापैकी अनेकांच्या दारी कुत्री आहेत. सभेत समतेवर बोलून सकाळी दोरीवाचून कुत्रे हिंडविणाऱ्या माणसाचे बोलणे ती चिखलात उतरलेली बाई कशाला ऐकेल? तिला आपल्याकडून व्याख्यान नको आहे. समोरून ती येताना दिसली, की कुत्र्याला जवळ ओढून घेऊन आपण बाजूला व्हावे आणि डांबरी रस्ता तिच्यासाठी मोकळा ठेवावा, एवढीच तिची अपेक्षा आहे, आणि ती रास्त आहे.