ड्रायव्हर, दाढी आणि मराठीतली वही

आपल्याकडे कुठलंही यंत्र बंद पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "माणूस बोलवा." माणूस येतो, काहीतरी करतो, पैसे घेतो आणि जातो. त्याने काय केलं हे आपण विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. पुढच्या वेळी पुन्हा "माणूस बोलवा".

माझं मत असं की संस्थांनी, मग ती शाळा असो, वसतिगृह असो की वाचनालय, ही सवय सोडली पाहिजे. आपल्या यंत्राची माहिती आपल्या वहीत, आपल्या भाषेत लिहिलेली असली पाहिजे. नाहीतर फुकट मिळालेली वस्तूसुद्धा शेवटी महागच पडते. हे मी ज्या उदाहरणावरून सांगणार आहे ते ऐकून काही जण हसतील. विषय आहे लिनक्सवर चालणारा टेलिफोन सर्व्हर आणि त्यातल्या कार्डाचा ड्रायव्हर! सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर व्याकरण नि इतिहास शिकवलेल्या बाईने या फंदात का पडावं? वाचा तर खरं.

निवृत्तीनंतर मी मुलींच्या एका वसतिगृहाचं थोडंफार काम बघते. तिथे दोन लँडलाइन आहेत आणि आत फाटकावर, बाईंच्या खोलीत असे फोन आहेत. मुलींना मोबाइल वापरायला परवानगी नाही, त्यामुळे घरचे लोक रात्री याच दोन नंबरांवर फोन करतात. जुनं इंटरकॉमचं खोकं बिघडलं तेव्हा दुरुस्तीवाल्याने सांगितलं, सुटे भाग मिळत नाहीत, सगळं नवं घ्या. किंमत ऐकून समितीचे लोक गप्प झाले. मग माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, एक पडून असलेला संगणक द्या आणि एका कार्डापुरते पैसे द्या." त्याने त्यावर अ‍ॅस्टरिस्क बसवून दिलं.

या अ‍ॅस्टरिस्कची गोष्ट मला फार आवडली. १९९९ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर नावाच्या एका तरुणाने लिनक्स दुरुस्तीचा छोटा धंदा काढला होता. त्याला फोनची यंत्रणा हवी होती, ती परवडेना, म्हणून त्याने स्वतःच लिहिली आणि सर्वांना मोकळी करून दिली. पण नुसत्या प्रोग्रॅमला टेलिफोनची तार कशी जोडणार? ते काम जिम डिक्सन या दुसऱ्या माणसाने केलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. संगणक आता इतका वेगवान झाला आहे की आवाजावरची सगळी गणितं तोच करील, महागड्या खास चिपा कशाला? कार्ड साधं आणि स्वस्त ठेवा. त्याने आपल्या प्रकल्पाला मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांचा क्रांतिकारक एमिलियानो झापाटा याचं नाव दिलं. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून जास्त काय हवं!

त्या नावावरून ड्रायव्हरला झापटेल म्हणत. पुढे ते नाव दुसऱ्या एका कंपनीचं नोंदलेलं निघालं, म्हणून २००८ साली ते बदलून 'डीएएचडीआय' केलं. मराठी कानाला ते हमखास 'दाढी' असं ऐकू येतं. आमच्या वसतिगृहात आता "दाढी चालू आहे का?" असं सगळे अगदी गंभीरपणे विचारतात.

तर ही दाढी म्हणजे काय? ड्रायव्हर या शब्दाचं भाषांतर लोक चालक असं करतात. मला दुभाषा हा शब्द जास्त बरा वाटतो. कार्डाला लिनक्सची भाषा कळत नाही आणि लिनक्सला कार्डाची. दोघांच्या मध्ये हा दुभाषा बसतो. तार आली, कार्ड आलं, प्रोग्रॅम आला, पण दुभाषा नसेल तर सगळे नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आमच्या कार्डाला चार दारं आहेत. दोन लाल, दोन हिरवी. लाल दाराला बाहेरून येणारी लाइन लावायची, त्याला एफएक्सओ म्हणतात. हिरव्या दाराला आपला साधा फोन लावायचा, ते एफएक्सएस. हिरवं दार फोनला डायल टोन देतं आणि घंटी वाजवतं. घंटीला चांगलाच जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून त्या कार्डाला संगणकाच्या पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडावी लागते. आता गंमत पाहा. फाईलमध्ये लिहिताना हे सगळं उलटं लिहायचं असतं! लाल एफएक्सओ दारापुढे एफएक्सएसची बोली लिहायची आणि हिरव्या दारापुढे एफएक्सओची. भले भले इथे चकतात. पण यात न समजण्यासारखं काही नाही. लाल दारासमोर उभं आहे एक्स्चेंज, आणि त्याची बोली एफएक्सएस. ज्याच्याशी बोलायचं त्याची बोली बोलायची, इतकंच. माझ्या वहीत हे एकच वाक्य आहे आणि त्यानंतर ते कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

दुसरी गोष्ट देशाची. त्याच फाईलमध्ये आपण कुठल्या देशात आहोत हे सांगावं लागतं, कारण प्रत्येक देशाचे टोन वेगळे. आपल्याकडची रिंग तुम्ही आयुष्यभर ऐकली आहे, कधी मोजली आहे का? ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद शांत. एंगेज टोन पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. देश अमेरिका राहिला तर आपले फोन परक्या टोनमध्ये बोलू लागतात. एंगेज टोनची ही मापं प्रोग्रॅमला नीट दिली नाहीत, तर समोरच्याने फोन ठेवला तरी सर्व्हरला ते कळत नाही आणि लाइन अडकून पडते. फोन कुणाचा आला तो नंबर पाठवायची आपल्याकडची पद्धतही निराळी. त्यासाठी अ‍ॅस्टरिस्कमध्ये भारताच्या नावाचा स्वतंत्र पर्याय आहे. म्हणजे जगाच्या कुठल्या कोपऱ्यात लिहिलेल्या या प्रोग्रॅममध्ये आपल्या तारेची दखल घेतलेली आहे. आपण मात्र तिची माहिती मराठीत लिहायला तयार नाही!

आता वही का लागते ते सांगते. हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आधीपासून नसतो. तो बाहेरून त्या त्या कर्नलसाठी बांधून बसवावा लागतो. कर्नल बदलला की जुना दुभाषा निकामी. आमच्याकडे नवा कर्नल आपोआप येऊन बसला होता, पण सर्व्हर कधी बंदच झाला नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही. एका रात्री वीज गेली, बॅटरी संपली आणि सकाळी सर्व्हर नव्या कर्नलवर सुरू झाला. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, पण फोन मुके. ज्याने हे बसवलं तो विद्यार्थी तेव्हा परदेशी प्रवासात होता.

सगळ्यात वाईट काय, तर बाहेरून फोन करणाऱ्याला रिंग वाजताना ऐकू येत होती. म्हणजे लाइन बंद आहे असं त्याला वाटत नव्हतं, कुणी उचलत नाही असंच वाटत होतं. एका मुलीच्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. तिचे वडील दोन दिवस फोन लावत राहिले आणि तिसऱ्या दिवशी एसटीने स्वतः आले. आई बरी झाली हे नशीब. पण फाटकाशी उभे राहून ते जे म्हणाले ते मी विसरलेले नाही. "बाई, आम्हाला वाटलं गरिबाचा फोन म्हणून घेत नसाल."

तांत्रिक बिघाड असा तांत्रिक राहत नाही, मंडळी. पलीकडच्या माणसाला तो अपमान वाटतो.

त्यानंतर तो विद्यार्थी आला तेव्हा मी वही घेऊन त्याच्या शेजारी बसले. तो करील ते त्याने मोठ्याने सांगायचं आणि मी मराठीत लिहायचं. आज्ञा इंग्रजीतच राहिल्या, त्या जशाच्या तशा उतरवल्या. पण ती आज्ञा का द्यायची, उत्तर काय यायला हवं आणि नाही आलं तर काय, हे सगळं मराठीत. आधी संगणकाला कार्ड दिसतं का ते पाहणं, मग चालू कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणं, तो चढवणं, चारही दारं मोजून घेणं आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅस्टरिस्क सुरू करणं. क्रम चुकवायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर मात्र दोनच ओळी आहेत. पहिली: लाइन कार्डातून काढून साधा फोन थेट लावा, म्हणजे निदान बाहेरचे फोन येतील. दुसरी: संगणक सुरू होताना जुना कर्नल निवडा. पुढच्या वेळी असंच झालं तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या बाईंनी, ज्या दहावी झालेल्या आहेत, या दोन ओळींवर काम भागवलं.

यावर काही जण म्हणतील, आता तारेचा जमानाच गेला, इंटरनेटवरून फोन करा, कार्डही नको आणि ड्रायव्हरही नको. शहरात खुशाल करा, काम सोपं होईल हे मलाही मान्य आहे. जुन्या कार्डांचे काही ड्रायव्हर नव्या आवृत्त्यांतून वगळलेही गेले आहेत, त्यामुळे हे कायम चालेल असा माझा दावा नाही. पण जिथे नेट भरवशाचं नाही तिथे लँडलाइनचा आधार अजून आहे. फायबर आलं तरी त्याच्या डब्याला फोनचं दार असतं आणि आमचं लाल दार त्यालाही जोडता येतं. आणि उद्या कार्ड गेलंच, तरी त्या जागी जे येईल त्याचीही वही लागेलच.

दुसरे म्हणतील, मराठीत कशाला, इंग्रजीत सगळं लिहिलेलं आहेच. आहे ना, उत्तम लिहिलेलं आहे. पण रात्री अकरा वाजता फोन मुका झाल्यावर जी बाई समोर उभी असेल, तिला जे वाचता येतं तीच त्या वेळची कामाची भाषा. झापाटाच्या नावाने मोकळं केलेलं ज्ञान चार इंग्रजी येणाऱ्यांच्या डोक्यात पुन्हा कुलूपबंद करायचं असेल, तर ते मोकळं करून काय उपयोग झाला?

असो. तुमच्याही शाळेत, सोसायटीत, मंडळात असं एखादं यंत्र असेलच. ते नीट चालू आहे तोवरच, ते बसवणाऱ्या माणसाला एकदा चहाला बोलवा. चाळीस पानी वही पुरे होते.