घरकुलाला वाळू पाहिजे, विहिरीलाही वाळू पाहिजे. एका गावाच्या ठरावाने हे भागणार नाही

अहिल्यानगर : घरकुलाची यादी लागली की गावात पहिला प्रश्न येतो तो वाळूचा. सिमेंट दुकानात मिळतं, विटा भट्टीवर मिळतात, पण वाळू कुठून आणायची? आणि त्याच गावात उन्हाळ्यात दुसरा प्रश्न असतो, नदीकाठच्या विहिरीने तळ का गाठला? हे दोन प्रश्न ग्रामसभेत वेगवेगळ्या विषयाखाली येतात. खरं तर दोन्हीची गाठ एकाच जागी आहे, नदीच्या पात्रात.

आधी घरकुलाचा हिशेब बघू. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. ही रक्कम 2016 साली योजना सुरू झाली तेव्हाची आहे. तेव्हापासून सिमेंट, स्टील, गवंड्याची मजुरी सगळंच वाढलं. 2025 मध्ये राज्य सरकारने स्वतःचे 50 हजार वाढवले, त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार सौर पॅनलला. रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. एवढं धरूनही 269 चौरस फुटांचं घर उभं करताना गरिबाला हातउसने घ्यावेच लागतात.

त्यात घाई सगळ्यांना एकदमच होते. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात 20 लाख घरकुलांना मंजुरीपत्रं वाटली. प्रत्येकाला काम पुढे गेल्याचा फोटो चढवायचा, तेव्हाच पुढचा हप्ता पडणार. साहजिकच गवंडी मिळत नाही आणि विटांचा भाव चढतो. घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत द्यायचं धोरण सरकारने 2025 मध्ये आणलं, ते चांगलंच आहे. पण वाळू फुकट असली तरी ट्रॅक्टर फुकट येत नाही.

नदीची वाळू म्हणजे गावाची टाकी

मुळा, प्रवरा, सीना, घोड या नद्यांच्या काठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पात्रातली वाळू पावसाचं पाणी धरून ठेवते आणि हळूहळू काठच्या विहिरींना देते. वाळू उपसून खाली खडक उघडा पडला की पूर येतो तसा निघून जातो. पाणीपुरवठ्याची विहीर मग जानेवारी-फेब्रुवारीतच धापा टाकते.

काही गावं हे ओळखून वाळू उचलायला बंदीचा ठराव करतात. पण नदी एका गावाची नसते. या गावाने बंदी केली की गाड्या वरच्या नाहीतर खालच्या शिवारात उतरतात. पाणी दोन्ही गावांचं जातं, आणि ठराव करणाऱ्या गावातला घरकुलवाला तीच वाळू चोरट्या भावाने विकत घेतो.

बंधाऱ्याचंही तेच. पावसाळा सरताना केटीवेअरच्या फळ्या वेळेत टाकल्या नाहीत तर पाणी वाहून जातं. बंधारा एका गावाच्या हद्दीत, फायदा दोन-तीन गावांना. मग फळ्या आणायच्या कोणी आणि राखायच्या कोणी, यातच दिवस जातात.

एकट्या गावाने काय होतं आणि काय होत नाही

आपल्या जिल्ह्याने देशाला राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार दाखवलं. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळी टाळली. दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब गावासमोर मांडून मगच पिकं ठरवली जातात. शिस्त असली तर एक गाव किती करू शकतं, याचा हा दाखला आहे. मात्र डोंगराकडून येणारं पाणी आपल्याच शिवारात अडवणं वेगळं आणि वीस गावांतून वाहत येणारी नदी सांभाळणं वेगळं. तिथे शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

एकत्र येणं जिल्ह्याला नवीन नाही. बुऱ्हाणनगर, मिरी-तिसगाव, घोसपुरी या प्रादेशिक पाणी योजना अनेक गावांच्या मिळूनच आहेत. अशा योजनांचा धडाही सगळ्यांना माहीत आहे. काही गावांनी पट्टी थकवली की वीजबिल तटतं, आणि पट्टी भरणारं गावही कोरडं राहतं. म्हणजे एकत्र यायचं तर कोणी किती भरायचं हे आधी कागदावर पाहिजे.

कायद्यातही वाट आहे. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. त्यात एक गाव नाही, तर अख्खं पाणलोट धरलं आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. नियम होते, पैसाही आला. पण प्रत्येक ग्रामपंचायतीने आपापला आराखडा आपल्या वेशीपर्यंतच केला.

चार-पाच गावं बसली तर

समजा एका नदीवरच्या पाच गावांत मिळून 200 घरकुलं मंजूर आहेत. वाळू कुठून आणि किती उचलायची, कोणता भाग सोडायचा, हे पाचही ग्रामसभांनी एकच ठरवून तहसीलदारांकडे एकत्र मागणी केली, तर चोरट्या गाडीला आडवं होणं सोपं जाईल. जिथे क्रश सँड चालते तिथे ती वापरली तर पात्रावरचा भार आणखी कमी.

सिमेंट-विटांची खरेदीही 200 घरांची एकदम केली तर भाव पाडून मागता येतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या महाआवास अभियानात बचत गटांची घरकुल मार्ट हीच कल्पना घेऊन आली होती. सेंट्रिंगच्या प्लेटांचा एक संच पाच गावांत फिरवता येतो. तलावाचं खोलीकरण निघालं तर परवानगी घेऊन गाळ शेतात आणि मुरूम घरकुलाच्या जोत्यात, असं दोन्ही साधतं.

आणि छप्पर विसरू नये. 269 चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण साडेबारा हजार लिटर पाणी होतं. वाया गेलेलं सोडलं तरी दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. 200 घरांचे 200 टँकर. एक पाइप आणि शोषखड्डा एवढाच खर्च.

यात अडचण पैशापेक्षा मनाची जास्त आहे. निवडणुकीत गावागावांत गट पडतात, शेजारच्या सरपंचाशी बोलणं तुटतं, आणि त्याची किंमत दोन्हीकडच्या घरकुलवाल्याला मोजावी लागते. पुढच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा : वरच्या आणि खालच्या गावाशी आपली बैठक कधी आहे?