कऱ्हा आटली नाही, उपसली

जरा लांबलंय, पण वाचा.

परवा पारावर एक जण म्हणाला, "आपली कऱ्हा पहिल्यापासूनच कोरडी. आपल्याकडं पाऊसच कुठाय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली, कारण ही गोष्ट निम्मी खोटी आहे.

पाऊस कमी, मान्य. वर गराडे धरण, जेजुरीजवळ नाझरे, त्यामुळं उन्हाळ्यात वाहतं पाणी नसणार, हेही मान्य. पण नदी वाहत नसणं वेगळं आणि नदीत पाणी नसणं वेगळं. आमच्या लहानपणी भर एप्रिलात पात्रात हातभर उकरलं की झिरा लागायचा. आई वाटीवाटीनं हंडा भरायची. काठावरच्या विहिरीला पाझर असायचा तो याच वाळूतून. आज तिथं पहार मारा. खाली मुरूम, नाहीतर कातळ.

हिशोब साधा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २८०० लिटरची जागा. भरड वाळूत चौथा हिस्सा पोकळी धरा. म्हणजे एक ब्रास वाळू ७०० लिटर पाणी पोटात धरते. रात्रीत ब्रासभराच्या पंधरा खेपा झाल्या की दहा हजार लिटरची टाकी गावाबाहेर गेली. आणि ही टाकी एकदाच भरत नव्हती, नदी आली की दरवर्षी फुकट भरत होती. २०२३ च्या धोरणात सरकारनं वाळूचा दर ठरवला ६०० रुपये ब्रास. त्यात पाण्याची किंमत कुणी धरली?

काही जण म्हणतात, पूर आला की नवीन वाळू येते. वरची वाळू धरणांत अडकते दादा, खाली येते ती थोडीथोडकी. मोरगावला याच नदीच्या गाळात सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची हजारो वर्षांपूर्वीची राख सापडलीय. इतका जुना हा साठा. आपण तो एका पिढीत ट्रॉलीत भरला.

आणि दुसरीकडं काय चाललंय? पुण्यानं वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी विजेवर डोंगर चढवून पुरंदरला आणायचं. योजनेला माझा विरोध नाही, शेतकऱ्याला पाणी पाहिजेच. पण फुकटची टाकी विकून विकतचं पाणी उचलायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत.

सोमवतीला जेजुरीहून खंडोबाची पालखी आंघोळीला कऱ्हेवरच येते. सासवडला सोपानकाका हिच्याच काठी, मोरगावचा मोरया हिच्याच काठी, पांडेश्वर हिच्याच काठी. ब्रह्मदेवाचा करा लवंडला म्हणून कऱ्हा, ही गोष्ट आपण पोरांना अजून सांगतो. कऱ्हावागजनं तर गावाच्या नावातच नदी ठेवलीय. देवाला आंघोळ घालायला नदी लागते, मग बाकीचे दिवस तिचं राखण कोण करणार?

नदी कोरडीच म्हणून आपण पात्रातही घुसलो. सप्टेंबर २०१९ ला नाझरे भरून सुटलं आणि बारामतीत काठची माणसं रातोरात हलवावी लागली. तेवढ्यानं तरी कळायला पाहिजे होतं.

आता खरं बोलतो, कारण नाहीतर कुणीतरी विचारेलच. माझं घर पण याच वाळूचं आहे. ट्रॅक्टर चालवणारी पोरं आपलीच, डोक्यावर हप्ते असलेली. त्यांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. रात्रीत पोराला मिळते ती मजुरी, बाकीचा पैसा ज्याच्या घरी जातो तो पात्रात कधी उतरतच नाही. एकदा मी एका साहेबांना फोन लावला होता. ते यायच्या आधी पात्र मोकळं! पुन्हा फोन केला नाही, ही माझी चूक.

कायदा आहे. महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्तीही आहे. फक्त कागदावर गावाचं नाव लागतं, एकट्या माणसाचं लागलं की तो एकटा पडतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोनच ठराव मागा. एक, आपल्या शिवेतल्या पात्रात पाच ठिकाणी वाळूची खोली मोजून दप्तरात लिहायची, दरवर्षी मार्चमध्ये. दोन, पुलाचे आणि बंधाऱ्याचे उघडे पडलेले पाये फोटोसकट तहसीलला गावाच्या नावानं कळवायचे. माझ्या गावात ठरावाचा अर्ज मी सोमवारी देतोय. सोबत सही करायला कोण कोण येतंय?